नानांचा वायरलेस आणि चिरंजीवांचं टेन-फोर



या पानावर जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवांच्या, संस्थानी नोकऱ्यांच्या आठवणी येतात, त्या मी नेमाने वाचतो. स्वतः लिहायचा योग आला नव्हता. आज लिहितोय ते आमच्या नानांबद्दल आणि त्यांच्या वायरलेसबद्दल. पण गोष्ट सुरू होते माझ्या मुलाच्या कॉम्प्युटर गेमपासून. तेव्हा ज्येष्ठांनी थोडा धीर धरावा, आणि तरुण मंडळींनी माझं काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. पणजोबा होळकरांच्या चाकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. आजोबांनी संस्थानात कारकुनी केली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, आणि पुढच्याच वर्षी आमचे नाना एकविसाव्या वर्षी पोलिसांच्या वायरलेसमध्ये लागले. घरी मराठी, ठाण्यात हिंदी आणि सेटवर इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांची सदतीस वर्षं गेली. खरं म्हणजे चार. चौथी भाषा डॉट आणि डॅशची. लहानपणी नाना जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करायचे आणि आई न बोलता आमटी वाढायची. तिला मोर्स येत होता की सवयीने कळत होतं, हे कोडं आम्हां भावंडांना कधी सुटलं नाही.

आता २०२१ चा उन्हाळा. दुसरी लाट. बाहेर खरोखरचे सायरन वाजत होते आणि आतल्या खोलीत गेममधले. चिरंजीव अकरावी संपवून बारावीत, शाळा बंद, आणि रात्री दहानंतर पठ्ठ्या पोलिसाच्या ड्यूटीवर. कुठे, तर लॉस सँटोस नावाच्या शहरात. हे शहर नकाशावर नाही. ग्रँड थेफ्ट ऑटो या गेमचा पाचवा भाग २०१३ साली आला, त्यासाठी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या धर्तीवर हे बनवलेलं. मूळ गेम मारामारीचा आणि गाड्या पळवण्याचा. पण फाइव्हएम नावाची एक सोय निघाली आणि लोकांनी त्यावर स्वतःची शहरं थाटली. त्यात कुणी टॅक्सीवाला होतो, कुणी डॉक्टर, कुणी गुंड, कुणी पोलीस. प्रत्येकाने आपापलं सोंग सांभाळून बोलायचं. याला ते रोलप्ले म्हणतात. आपल्याकडे दशावतार आणि सोंगी भारुड माहीत असणाऱ्याला यात नवीन काही नाही. सोंग घेतलं की सोंगाच्या भाषेतच बोलायचं, मध्येच 'आई, पाणी दे' म्हणायचं नाही.

पोलिसाच्या सोंगाची भाषा म्हणजे वायरलेसची भाषा. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "टेन-फोर, टेन-फोर. भिया, तेरा टेन-ट्वेंटी बता." टेन-फोर म्हणजे समजलं, टेन-ट्वेंटी म्हणजे ठिकाण, आणि भिया म्हणजे इंदुरी भाऊ. त्यांच्या तुकडीत आमचा एक, देवासचा एक, नागपूरचे दोघे आणि आणखी कुठकुठले. माझी बायको म्हणायची, हा मुलगा परीक्षेत आकडे विसरतो आणि हे बरे पाठ.

नाना तेव्हा पंच्याऐंशीचे. त्यांना मुलाच्या शेजारची खोली. कानाला यंत्र, पण वायरलेसची खरखर त्यांना यंत्राशिवायही ऐकू यायची, असा माझा दाट संशय आहे. एकदा सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "तुझा मुलगा बटण दाबल्या दाबल्या बोलतो. पहिला शब्द खातो." मी हसून सोडून दिलं.

मे महिन्यात एका रात्री चिरंजीव खोलीतून तणतणत बाहेर आले. सात दिवसांसाठी पोलीस खात्यातून बंद! झालं होतं ते असं. साहेब या नव्या सर्व्हरवर नुकतेच रुजू झालेले. गेममध्ये पाऊस सुरू झाला. आपण कसं सगळं मूळ नियमानुसार करतो हे दाखवायला त्याने रेडिओवर टाकलं, "टेन-थर्टीन?" अमेरिकेतल्या पोलीस-दळणवळण संघटनेच्या जुन्या यादीत १०-१३ म्हणजे हवामान आणि रस्त्याची स्थिती. ती यादी याने इंटरनेटवरून शोधून पाठ केलेली. पण त्या सर्व्हरने आपली यादी घेतली होती न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क पोलिसांत १०-१३ म्हणजे आपला पोलीस संकटात आहे, धावा. बँकेच्या दरोड्यावर वेढा घालून उभ्या असलेल्या आठ गाड्या वेढा सोडून सुसाट याच्याकडे निघाल्या. दरोडेखोर मागच्या दाराने आरामात गेले. गाड्या पोचल्या तेव्हा आमचे चिरंजीव एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली पाऊस बघत उभे.

मला हसू आवरेना. पण मुलगा खरंच दुखावला होता. त्याचं एकच पालुपद, "बाबा, मी बरोबर होतो. मूळ यादीत तसंच आहे. त्यांची यादी नकली आहे."

नाना दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी विचारलं, "ऐकणाऱ्याच्या यादीत काय होतं?"

"आजोबा, पण ओरिजिनल..."

"ऐकणाऱ्याच्या यादीत काय होतं ते सांग."

त्यानंतर ते जे बोलले ते मी पुढे सांगतो. आधी हे आकडे आले कुठून ते सांगणं भाग आहे. त्या आठवड्यात मीही मुलाबरोबर बसून बरंच वाचून काढलं, आणि बँकेतल्या माणसाला आकड्यांचा नाद लागला की सुटत नाही.

पोलिसांचा रेडिओ पहिल्यांदा नीट चालला तो डेट्रॉइट शहरात, १९२८ साली. मोटारींचं शहर, तेव्हा चोरही मोटारीतून पळणारे. त्याआधी काही वर्षं त्यांची धडपड चालू होती, पण परवाना मिळाला होता करमणुकीच्या स्टेशनचा. त्यामुळे पोलिसांच्या संदेशांच्या मधेमधे गाणी वाजवावी लागत. १९२८ ला जमलं तेही एकतर्फी. कंट्रोल बोलणार, गाडीतला शिपाई फक्त ऐकणार. त्याला काही सांगायचं असेल तर उतरून फोन गाठायचा. न्यू जर्सीतल्या बेयॉन गावाने १९३३ मध्ये गाडीतून उलट बोलायची सोय केली, आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. एकच वाहिनी, आणि सगळ्यांनाच बोलायचं.

इलिनॉय राज्याच्या पोलिसांत चार्ल्स हॉपर नावाचा दळणवळण अधिकारी होता. १९३७ साली त्याने नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले. 'तुमचा संदेश मिळाला' याला ४, 'पुन्हा सांगा' याला ९, 'कामाला हजर' याला ८, 'कामावरून बाहेर' याला ७. आणि प्रत्येक आकड्याच्या आधी 'टेन'. हे 'टेन' कशाला? मला वाटायचं रुबाबासाठी. कारण निघालं अगदी यंत्राचं. त्या काळच्या गाडीतल्या सेटमध्ये व्हॅक्यूम ट्यूब असत, आणि त्यांना लागणारा जास्त दाबाचा वीजपुरवठा एक छोटी मोटर-जनरेटर फिरून द्यायची. बटण दाबलं की ती मोटर वेग घेईपर्यंत सेकंदाचा एखादा तुकडा जायचा. तेवढ्यात बोललेलं हवेत विरून जायचं. म्हणून आधी एक बिनकामाचा शब्द टाकायचा. 'टेन' गेलं तर गेलं, 'फोर' पोचला म्हणजे झालं.

हे मी नानांना वाचून दाखवलं तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा खुलला. "मी काय म्हणत होतो? पहिला शब्द खातो!" त्यांच्या खात्यात हे टेन-बिन नव्हतं, पण बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं आणि मग तोंड उघडायचं, हे त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. सेट बदलले, ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, पण श्वास थांबण्याचं राहिलं. गंमत म्हणजे मुलाच्या गेममध्येही कळ दाबल्यावर पहिलं अक्षर बऱ्याचदा कापलं जातं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी इलिनॉयमध्ये झालेली अडचण इंदुरात जशीच्या तशी, आणि तीही खोट्या रेडिओवर.

नानांच्या पिढीकडे आकड्यांऐवजी क्यू होता. क्यू कोड त्याहून जुना, जहाजांचा. ब्रिटिशांनी १९०९ च्या सुमारास यादी केली आणि १९१२ च्या लंडन परिषदेनंतर ती जगभर चालू लागली. तीन अक्षरं, पहिलं कायम क्यू. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोच, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, क्यूआरएक्स म्हणजे थांबा, मी परत बोलावतो. आमच्या घरात क्यूआरएम हा शब्द अगदी सर्रास. मावशी आणि आत्या एकदम बोलू लागल्या की नाना पेपरमागून म्हणायचे, "क्यूआरएम फार आहे." पाहुण्यांना वाटायचं पोलिसांची काहीतरी गुप्त भानगड.

गुप्त हा शब्द आला म्हणून सांगतो. मुलाचा आणि त्याच्या मित्रांचा पक्का समज होता की हे कोड गुन्हेगारांना कळू नये म्हणून असतात. नाना म्हणाले, लपवायचं असेल त्याला सायफर म्हणतात, ते वेगळं खातं. हे आकडे लपवायला नाहीत, ऐकू यायला आहेत. खरखरीत, वाऱ्यात, अर्धवट झोपेत असलेल्या माणसालाही कळावेत म्हणून. त्यांच्या मते या दोन गोष्टींत घोटाळा केला की माणूस कोड उगाच मिरवायला लागतो.

मिरवण्याची सुरुवात मात्र टीव्हीने केली, हे खरं. १९५५ ते १९५९ अमेरिकेत 'हायवे पेट्रोल' नावाची मालिका चालली. ब्रॉडरिक क्रॉफर्ड हा नट गाडीच्या दाराला टेकून मायक्रोफोनमध्ये टेन-फोर म्हणायचा, आणि ते घराघरांत गेलं. मग १९६८ ला 'अ‍ॅडम-१२' आली, लॉस एंजेलिस पोलिसांवर. तिच्यात कंट्रोलचा आवाज नटीचा नव्हता, शॅरन क्लॅरिज ही पोलिसांच्या कंट्रोलवर प्रत्यक्ष काम करणारी बाई होती. मुलाने तिचे तुकडे नानांना ऐकवले. इंग्रजी उच्चार त्यांना नीट लागेनात, तरी दोन-तीन वेळा ऐकून म्हणाले, "ही खरी आहे. ही घाई करत नाही." सत्तरच्या दशकात ट्रकवाल्यांनी आपल्या सीबी रेडिओवर हेच आकडे उचलले आणि त्यात आपली भर घातली. गावोगावच्या पोलिसांनीही तेच केलं होतं. संघटनेने १९७४ मध्ये यादी पुन्हा वाढवून, नीटनेटकी करून दिली, तोवर प्रत्येक शहराची आपापली सवय झालेली. एकाची १०-१३ हवामान, दुसऱ्याची १०-१३ जिवावरचं संकट.

आता गेमवाल्यांची खिचडी बघा. शहर लॉस एंजेलिसच्या धर्तीचं. पण खुद्द लॉस एंजेलिसचे पोलीस या टेन-कोडच्या वाटेला फारसे जात नाहीत, ते 'रॉजर' म्हणतात आणि त्यांचे स्वतःचे कोड वेगळे. कोड थ्री म्हणजे दिवे-सायरन लावून धावा, कोड फोर म्हणजे आता मदत नको. खुनाला ते १८७ म्हणतात, कारण कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत खुनाचं कलम १८७ आहे. आपल्याकडे 'तीनशे दोन लागली' म्हणायचे, तसंच. नानांना हे लगेच पटलं. पण मुलाच्या सर्व्हरवर इलिनॉयचा १०-४, न्यूयॉर्कचा १०-१३ आणि कॅलिफोर्नियाचा १८७ हे तिघे एका ताटात, वर बोलणं हिंदीत. यावर नाक मुरडायचा मला काही अधिकार नाही. आमची मराठीसुद्धा तशीच आहे. पुण्याचे नातेवाईक आमचं 'मी येऊन राहिलोय' ऐकून हसतात, आणि आम्ही येऊन राहतोच. खिचडी चालते, पण पंगतीत बसलेल्या सगळ्यांना तीच वाढलेली हवी.

आता नानांचं.

त्या रात्री मुलाच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांनी आम्हाला १९७३ च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. मी तेव्हा सहा वर्षांचा. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं ते आमच्याबरोबर एका घरात राहिले, पण हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं का, ते आता विचारता येत नाही.

नाना रात्रपाळीला सेटवर होते. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गाडीचा संदेश आला. आग्रा रोडवर घाटात ट्रक उलटलाय, दोन माणसं अडकलीत, पॉइंट चौदाजवळ, क्रेन आणि गाडी पाठवा. पाऊस, खरखर, आवाज येतोय-जातोय. बंदोबस्तासाठी रस्त्यावरच्या जागांना नंबर दिलेले असत, प्रत्येक ठिकाणी त्याची यादी टांगलेली. नानांनी समोरच्या यादीत चौदा पाहिलं. घाट चढायच्या आधीचं एक नाकं. संदेशाची पोच दिली, वेळ लिहिली, क्रेन रवाना केली. सगळं चोख.

शेजारच्या जिल्ह्याच्या यादीत चौदा नंबर म्हणजे घाट उतरल्यावरचं एक वळण होतं. क्रेन नाक्यावर गेली, तिथे काही नाही. तिथून परत विचारणा, परत खरखर. चाळीस मिनिटं गेली. ड्रायव्हर वाचला. क्लीनर पोरगा होता, पहिला शिपाई पोचला तेव्हा तो बोलत होता. क्रेन पोचली तेव्हा नव्हता.

"चौकशी झाली," नाना म्हणाले. "माझ्या नोंदी बरोबर. समोरच्याच्या नोंदी बरोबर. दोघांनाही काही झालं नाही. माझ्या यादीप्रमाणे मी बरोबर होतो, त्याच्या यादीप्रमाणे तो." मग बराच वेळ ते गप्प बसले. माझ्या मुलाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता, त्यातून कुणाचं तरी बारीक आवाजात बोलणं येत होतं. "मी त्याला 'कुठलं चौदा?' असं विचारलं नाही. तीन सेकंदांचं काम होतं. वाहिनीवर लांबण लावू नये हे शिकवलेलं, म्हणून नाही विचारलं."

ती चाळीस मिनिटं नसती तर पोरगा वाचला असता का, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. आणि उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शाळा भरली. सात दिवसांची बंदी होती, त्यामुळे विद्यार्थी मोकळाच. नानांनी कपाटातून त्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. त्यांची शिकवण मी इथे लिहून ठेवतो, एरवी कुठे राहणार?

आधी ऐक. दुसरा कुणी बोलत असेल तर त्याचं संपू दे, त्याला उत्तर मिळू दे, मग तू. बोलायच्या आधी वाक्य डोक्यात पूर्ण कर. बटण दाबून 'अं... म्हणजे...' करणारा माणूस सगळ्या जिल्ह्याचं तोंड बंद करतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. बटण दाब, श्वास थांब. आधी ज्याला हाक मारतोयस त्याचं नाव, मग स्वतःचं. उलटं नाही, कारण आपलं नाव ऐकल्याशिवाय माणूस कान देत नाही. मग जागा. जागा सगळ्यात आधी, घटना नंतर. कारण सेट मध्येच मेला तर निदान कुठे यायचं ते कळेल. यावर मुलगा म्हणाला, आम्ही उलटं करतो, आधी 'गोळीबार, गोळीबार' ओरडतो. नाना म्हणाले, मग मर तिथेच.

आकडे एकेक करून. 'फिफ्टी-नाइन' नाही, 'फाइव्ह-नाइन'. आणि नाइन नाही, 'नायनर', कारण गोंगाटात फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. हे आपल्या भाषेत तर फारच पटतं. हिंदीतला उनसठ आणि मराठीतला एकोणसाठ एकच, पण बोलणारा हिंदी आणि ऐकणारा आमच्यासारखा अर्धा मराठी असला की उनसठ, उनहत्तर, उन्यासी यांत रात्री तीन वाजता काय गोंधळ होतो ते विचारू नका. नाना बाजारातही भाव एकेक आकड्याने परत म्हणून घ्यायचे. भाजीवाले त्यांना ओळखून होते.

अक्षरं नावांनी सांगायची. यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. नानांचं अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही आंतरराष्ट्रीय मुळाक्षरं १९५६ मध्ये पक्की झाली आणि नाना ५७ ला लागले, म्हणजे ताजी ताजी. त्यांचे वरिष्ठ मात्र जुन्या सवयीने एबल, बेकर म्हणायचे. मुलाच्या अमेरिकन पोलिसांचं अ‍ॅडम, बॉय, चार्ल्स. कुणाचं खरं? दोन दिवस वाद चालला. शेवटी मुलगाच म्हणाला, "सर्व्हरवर जे लिहिलंय ते." नाना काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. मला वाटतं त्यांना तेच ऐकायचं होतं.

आणि शेवटचं, जे वहीत नव्हतं. यादी दोघांकडे एकच आहे याची खात्री नसेल तर आकडा टाकून दे आणि साध्या भाषेत बोल. तीन सेकंद जास्त लागू देत.

हे ऐकल्यावर मुलाने आणखी शोधलं, आणि जे निघालं त्याने मी जरा थक्कच झालो. खुद्द अमेरिकेत हेच झालं होतं. २००५ च्या कॅटरिना वादळात ठिकठिकाणचे पोलीस, अग्निशमनवाले, बचाव पथकं एका ठिकाणी आली आणि प्रत्येकाचे कोड वेगळे. त्यानंतर २००६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सांगितलं, अनेक यंत्रणा एकत्र काम करत असतील तिथे हे कोड सोडा, साधी भाषा वापरा. रोजच्या आपल्या-आपल्यातल्या कामाला बऱ्याच पोलीस खात्यांनी कोड ठेवले, ते अजून आहेत. पण जिथे परका माणूस ऐकणारा आहे तिथे सरळ बोला. मुलाने हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती साली?" २००६ म्हटल्यावर नुसतं "हं" केलं आणि पंख्याकडे बघत राहिले.

बंदी उठल्यावर मुलाने सर्व्हरच्या चालकांना एक लांबलचक पत्र लिहिलं. रुजू होणाऱ्या प्रत्येकाला एक पानाची यादी द्यावी, आणि जिवावरचं काही असेल तर आकड्यामागून साधे शब्दही बोलावेत, असं. उत्तर आलं नाही. सतरा वर्षांच्या मुलाला कोण उत्तर देतं? पण त्याच्या तुकडीतल्या सहा जणांनी आपल्यापुरतं ते सुरू केलं. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. "कंट्रोल, लिंकन वन-एट. लीजन स्क्वेअर, बँकेसमोर. टेन-थर्टीन. मला गोळी लागलीये, माणसं पाठवा." आधी जागा. मध्ये एक श्वास. नागपूरचा एक मुलगा तर 'नायनर' म्हणायला लागला होता, आणि त्याचं पाहून आणखी कोण कोण. नाना कधीकधी दार उघडं ठेवून बसायचे. काही चुकलं की काठीने भिंतीवर टकटक. डॉट डॉट डॅश डॅश डॉट डॉट. ही प्रश्नचिन्हाची टकटक मोर्समध्ये, विचारणा झाली की. मुलाला तीही यायला लागली.

एकदाच नानांनी हेडफोन घातला. त्यांना कंट्रोलवर बसवायचं मुलांनी ठरवलं होतं. दहा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत, नुसतं ऐकलं. मग दोन गाड्या एकदम बोलायला लागल्या तेव्हा म्हणाले, "वन-एट, थांबा. टू-थ्री, बोला." बस एवढंच. पलीकडे पूर्ण शांतता. मग देवासच्या मुलाचा आवाज, "भिया, ये कौन है?"

नाना जानेवारी २०२३ मध्ये गेले. झोपेत, त्रास न होता.

तेराव्यानंतर त्यांच्या वस्तू आवरताना निळी वही हाती लागली. शेवटच्या कोऱ्या पानावर मुलाच्या अक्षरात त्यांच्या जाण्याची तारीख, वेळ आणि खाली फक्त '१०-७' लिहिलेलं. मला लागेना. विचारल्यावर त्याने सांगितलं, अमेरिकेत पोलीस गेला की कंट्रोलवरून त्याचा नंबर शेवटचा पुकारतात. उत्तर येत नाही. मग पुन्हा पुकारतात. मग सांगतात की तो १०-७ आहे, कामावरून बाहेर.

मी म्हटलं, "छान आहे रे. पण हे पान तुझ्या आजीच्या बहिणी बघतील, आत्या बघतील. त्यांच्याकडे ही यादी कुठे आहे?"

तो जरा थांबला. पेन घेतलं आणि खाली मराठीत लिहिलं, 'ड्यूटी संपली. घरी गेले.'